अंतिम निर्णय आणि अचूक निर्णय : रग्बी लीगमधील पराभूत चाहत्यांच्या पंचविषयक वादाची चिकित्सा

प्रस्तावना :

खेळातील पराभवानंतर पंचांच्या निर्णयांवर जी चर्चा होते, तिच्याकडे अभ्यासकांनी फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण अशा वेळी हमखास उच्चारली जाते आणि विषय तेथेच संपतो. पराभव पचविता न आल्याने दोष पंचाच्या माथी मारला जातो, असा या म्हणीचा निष्कर्ष. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते आणि नाचणाऱ्यालाही ते नीटसे दाखविता येत नाही. अशा प्रसंगी पराभूतांच्या तक्रारीत तथ्य किती, भ्रम किती आणि त्या तक्रारीला संस्थेने दिलेले उत्तर कितपत पुरेसे, हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील ‘नॅशनल रग्बी लीग’ या स्पर्धेच्या २०१९ च्या अंतिम सामन्यातील एका निर्णयावरून उद्भवलेला वाद चिकित्सेसाठी घेतला आहे. चाहत्यांच्या युक्तिवादांचे स्वरूप स्पष्ट करणे, त्यांतील निरनिराळे प्रश्न वेगळे करणे आणि संस्थेच्या उत्तराची मर्यादा दाखविणे ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. विवेचनासाठी विधिशास्त्र, भाषातत्त्वज्ञान व सामाजिक मानसशास्त्र या विद्याशाखांतील काही संकल्पनांचा आधार घेतला आहे.

खेळाची पार्श्वभूमी :

रग्बी लीग हा खेळ २९ ऑगस्ट १८९५ रोजी इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी मूळ रग्बी संघटनेपासून फारकत घेतल्यातून जन्मास आला. कामाचा रोज बुडवून खेळणाऱ्या कामगार खेळाडूंना भरपाई द्यावी की नाही, हा त्या फुटीमागील वाद होता. ऑस्ट्रेलियात हा खेळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोहोचला व विशेषतः सिडनी परिसरात रुजला.

प्रत्येक संघात १३ खेळाडू असतात. चेंडू बाळगणाऱ्या खेळाडूस प्रतिस्पर्ध्यांनी पकडून थांबविले की एक ‘टॅकल’ मोजला जातो. एका संघास सलग सहा टॅकलपर्यंत चेंडू आपल्याकडे ठेवता येतो. सहाव्या टॅकलनंतर तो प्रतिस्पर्ध्यास द्यावा लागतो. म्हणून पाच टॅकल झाल्यावर संघ बहुधा चेंडू लाथेने पुढे मारतो. बचाव करणाऱ्या संघाच्या खेळाडूने चेंडू खेळला आणि तो पुन्हा आक्रमक संघाकडे आला, तर टॅकलची मोजणी नव्याने सुरू होते. अशा वेळी पंच हात उंचावून ‘पुन्हा सहा’ असा संकेत देतात. टॅकलची ही संख्या म्हणजे या खेळाचे घड्याळच होय. कितवा टॅकल चालू आहे, यावर खेळाडूची प्रत्येक हालचाल अवलंबून असते. पुढील वादाचे मर्म समजण्यासाठी एवढी माहिती पुरेशी आहे.

घटना :

६ ऑक्टोबर २०१९ रोजी सिडनी येथे अंतिम सामना सिडनी रूस्टर्स व कॅनबेरा रेडर्स या संघांत झाला. ८२,९२२ प्रेक्षक उपस्थित होते. रूस्टर्स आदल्या वर्षीचे विजेते होते, तर कॅनबेराचा संघ १९९४ नंतर प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला होता. पंचवीस वर्षांच्या प्रतीक्षेचे ओझे त्या सामन्यावर होते, हे पुढील वाद समजून घेताना विसरता येत नाही.

सामना रूस्टर्सने १४-८ असा जिंकला. अखेरच्या दहा मिनिटांत गुणसंख्या ८-८ अशी बरोबरीत असताना कॅनबेराचे आक्रमण चालू होते. उंच मारलेल्या चेंडूसाठी झटापट झाली आणि तो पुन्हा कॅनबेराच्या हाती आला. चेंडू रूस्टर्सच्या खेळाडूस लागला असे समजून पंच बेन कमिन्स यांनी ‘पुन्हा सहा’ असा संकेत दिला. त्यानंतर लगेच, सहकारी पंचांकडून मिळालेल्या माहितीवरून हा निर्णय बदलण्यात आला व तो शेवटचाच टॅकल ठरला. कॅनबेराचा जॅक वायटन मात्र पहिल्या संकेतावर विसंबून राहिला. चेंडू लाथेने न मारता त्याने स्वतःस पकडू दिले. परिणामी चेंडू रूस्टर्सकडे गेला आणि त्याच ताब्यात जेम्स टेडेस्को याने विजयी ट्राय केला.

सामन्याच्या प्रारंभीही एक प्रसंग घडला होता. कॅनबेराच्या खेळाडूने अडविलेला चेंडू मैदानात असलेल्या रूस्टर्सच्या प्रशिक्षण-साहाय्यकास लागला. खेळ थांबला आणि नियमानुसार स्क्रममध्ये चेंडू रूस्टर्सलाच मिळाला. त्यानंतर थोड्याच वेळात रूस्टर्सने पहिला ट्राय केला. या दोन प्रसंगांभोवती कॅनबेराच्या चाहत्यांचा सारा युक्तिवाद उभा राहिला. सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूस मिळणारे क्लाइव्ह चर्चिल पदक पराभूत संघाच्या वायटन याला मिळाले. हा मान पराभूत संघातील खेळाडूस क्वचितच लाभतो. त्यामुळे ‘चांगला खेळूनही हरलो’ या भावनेस बळच मिळाले.

चाहत्यांच्या वादातील तीन प्रश्न :

या वादाचे स्वरूप पाहता त्यात तीन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसून येतात. पहिला प्रश्न अचूकतेचा : निर्णय नियमानुसार बरोबर होता काय? दुसरा प्रश्न विश्वासाचा : दिलेला संकेत फिरविणे न्याय्य होते काय? तिसरा प्रश्न कारणाचा : पराभव त्या निर्णयामुळेच झाला काय? चाहते बहुधा एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरतात. ‘आमच्यावर अन्याय झाला’ यावरून ‘म्हणून आम्ही हरलो’ असे आणि ‘आम्ही हरलो’ यावरून ‘म्हणून निर्णय चूक होता’ असे अनुमान काढले जाते. विजयी संघाचे चाहतेही हीच गल्लत उलट दिशेने करतात. ‘निर्णय अखेर बरोबरच होता, म्हणून अन्याय झालाच नाही’ असा त्यांचा सूर असतो. तेव्हा या तिन्ही प्रश्नांचा स्वतंत्र विचार करणे इष्ट ठरते.

अचूकतेचा प्रश्न :

सामन्यानंतर स्पर्धेचे फुटबॉल विभागप्रमुख ग्रॅहम ॲन्सली यांनी अंतिम निर्णय बरोबर असल्याचे व चूक पहिल्या संकेतात झाल्याचे स्पष्ट केले. या प्रश्नापुरते हे उत्तर समाधानकारक मानता येते. परंतु येथे एक मूलभूत मुद्दा उपस्थित होतो. पंचाचा निर्णय अंतिम असेल, तर त्याला चूक म्हणण्याचा अधिकार चाहत्यास आहे काय?

विधितज्ज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथात न्यायालयीन निर्णयाची चर्चा करताना खेळातील गुणलेखकाचेच उदाहरण घेतले आहे. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो. याचा अर्थ तो अचूक असतोच असे नाही, हे त्यांचे प्रतिपादन आहे. गुणलेखक म्हणेल तोच गुण, असे मानल्यास गुण देण्याचा नियमच उरणार नाही आणि मूळ खेळाच्या जागी गुणलेखकाच्या मर्जीचा खेळ सुरू होईल. नियम गुणलेखकाच्याही वर असतो, म्हणूनच त्याच्या निर्णयाला चूक म्हणता येते.

हा विचार चाहत्यांच्या वादास लागू केल्यास एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ‘हा निर्णय चुकला’ असे म्हणणारा चाहता पंच वापरतो तोच नियम वापरीत असतो. फरक एवढाच की त्याच्या म्हणण्यास अधिकृत परिणाम नसतो. म्हणजे पंचावर टीका करणारा प्रेक्षक नियमावरील निष्ठाच प्रकट करतो. नियमावरचा विश्वास ज्याचा उडाला, तो वाद घालीत बसत नाही. तो खेळ पाहणे सोडून देतो. या दृष्टीने पराभवानंतरची चर्चा ही खेळाच्या अनारोग्याची खूण मानता येत नाही. मात्र चाहत्याची दृष्टी निर्मळ असते असेही नव्हे, हे पुढे दिसून येईल.

विश्वासाचा प्रश्न :

पंचाचा संकेत म्हणजे घडलेल्या गोष्टीचे केवळ वर्णन नसते. भाषातत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी वाक्कृतींचे जे वर्गीकरण केले, त्यात निवाडा देणाऱ्या उक्तींचा एक स्वतंत्र वर्ग आहे व पंचाच्या निवाड्याचा समावेश त्यांनी त्याच वर्गात केला आहे. अशा उक्तीने मैदानावरील परिस्थिती बदलते. ‘पुन्हा सहा’ असा हात फिरताच तेरा खेळाडूंना सहा नव्या संधी प्राप्त होतात आणि त्यांचे पुढील वर्तन त्याप्रमाणे ठरते.

वायटनची कृती या संदर्भात तपासावयास हवी. गुणसंख्या बरोबरीत असताना शेवटचा टॅकल असल्याचे ठाऊक असते, तर एका गुणासाठी ड्रॉप गोल मारण्याचा प्रयत्न करणे किंवा चेंडू रूस्टर्सच्या गोलक्षेत्राकडे मारून त्यांना मागे रेटणे, असे पर्याय त्याच्यापुढे होते. सहा टॅकल हाती आहेत असे पंचानेच सांगितल्यावर धोका न पत्करणे हेच शहाणपणाचे होते. म्हणजे ज्या कृतीने त्याच्या संघाचे नुकसान झाले, ती कृती पंचाच्या आज्ञेवर विसंबल्याने घडली. हाताचा संकेत मैदानावर व मैदानाबाहेर सर्वांनी पाहिला. त्यातील बदल मात्र तितक्या स्पष्टपणे पोहोचला नाही.

कायद्यात याच्याशी मिळतेजुळते असे विबंधाचे तत्त्व आहे. एखाद्याने आपल्या शब्दाने वा कृतीने दुसऱ्यास एखादी गोष्ट खरी मानावयास लावले आणि त्या विश्वासावर दुसऱ्याने काही कृती केली, तर पहिल्यास मागाहून ती गोष्ट नाकारता येत नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये हे तत्त्व होते व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. पंच हा वादातील पक्षकार नसल्याने ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावी लागते. शिवाय चुकीचा संकेत तसाच राखला असता, तर रूस्टर्सवर अन्याय झाला असता, हेही मान्य करावे लागते.

तथापि चूक कायम ठेवणे किंवा गुपचूप दुरुस्त करणे, एवढेच दोन पर्याय नसतात. दुरुस्ती ज्यांच्यावर परिणाम करणार, त्यांना ती कळेपर्यंत खेळ थांबविणे हा तिसरा पर्याय होय. खेळाचा वेग राखण्याच्या आग्रहामुळे या पर्यायाकडे दुर्लक्ष होते. कॅनबेराच्या चाहत्यांची खरी तक्रार येथेच होती. परंतु त्यांच्यापैकी अनेकांनी ती ‘निर्णय चुकला’ या शब्दांत मांडली आणि संस्थेने ‘निर्णय बरोबर होता’ असे उत्तर देऊन ती निकालात काढली. तक्रार एका प्रश्नाची, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे, असा हा प्रकार झाला.

कारणाचा प्रश्न :

पराभव या एकाच निर्णयामुळे झाला, हा चाहत्यांच्या वादातील सर्वांत दुर्बल भाग होय. उत्तरार्धात रूस्टर्सचा कूपर क्रॉन्क १० मिनिटांसाठी मैदानाबाहेर पाठविला गेला होता. प्रतिस्पर्धी १२ खेळाडूंनिशी खेळत असताना कॅनबेराला एकही ट्राय करता आला नाही. टेडेस्कोच्या ट्रायपूर्वी बचावाची फळी मोडली, तीही पंचाने मोडली नव्हती. सहा टॅकल मिळाले असते तरी गुण मिळालेच असते असे नाही. गमावली ती संधी, विजय नव्हे.

याउलट २०१३ च्या बाद फेरीतील एका सामन्याचे उदाहरण देता येईल. क्रोनला शार्क्सने नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजला २०-१८ असे हरविले. त्या सामन्यात पंचांच्या मोजणीतील चुकीमुळे क्रोनलाला सातवा टॅकल मिळाला व त्यावरच त्यांनी ट्राय केला. ट्रायचे ४ गुण आणि विजयाचे अंतर २ गुणांचे. येथे कार्यकारणसंबंध अधिक घट्ट आहे. तरीही त्या ट्रायविना सामना पुढे तसाच चालला असता, असे खात्रीने म्हणता येत नाही. एक मणी काढला की माळेतील उरलेले मणी जागचे हलतात, तसेच हे आहे. तथापि या मुद्द्याने अन्यायाचा प्रश्न मिटत नाही. संधी हिरावली जाणे हे निकालावर परिणाम झाला नसला तरी अन्यायकारकच असते. परीक्षेत उत्तरपत्रिका वेळेआधी काढून घेतलेला विद्यार्थी नापास झालाच असता, हे वेळेआधी उत्तरपत्रिका काढून घेण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

पक्षपाताचा आरोप व चाहत्याची दृष्टी :

वादाच्या भरात आणखी एक आरोप डोके वर काढतो, तो हेतूचा. २०१९ साली स्पर्धेतील १६ संघांपैकी ९ संघ सिडनी व लगतच्या परिसराशी निगडित होते. अंतिम सामनाही सिडनीत झाला. राजधानीच्या शहरातील असूनही कॅनबेराच्या चाहत्यांना या रचनेत आपण परके आहोत असे वाटते, त्यास ही पार्श्वभूमी आहे. परंतु रचनेतील विषमता व एका पंचाचा दुष्ट हेतू या भिन्न गोष्टी होत. कमिन्स यांचा पहिला, चुकलेला संकेत कॅनबेराच्याच बाजूचा होता. एवढे एक सत्य पक्षपाताचा आरोप निष्प्रभ करण्यास पुरेसे आहे.

मग असे आरोप इतक्या प्रामाणिकपणे का केले जातात? अल्बर्ट हॅस्टॉर्फ व हॅडली कँट्रिल यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयुक्त ठरतो. १९५१ मधील प्रिन्स्टन व डार्टमथ या विद्यापीठीय संघांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची चित्रफीत त्यांनी दोन्ही संस्थांच्या विद्यार्थ्यांना दाखविली. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाकडून सरासरी ४.३ नियमभंग झालेले दिसले. त्याच संघाचे प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसलेले नियमभंग होते सरासरी ९.८. चित्रफीत एकच होती. पाहिलेले सामने जणू दोन होते. यावरून चाहता खोटे बोलतो असे सिद्ध होत नाही, तर निष्ठा ही पाहण्याच्या क्रियेतच मिसळलेली असते, असे दिसून येते. म्हणून चाहत्याची साक्ष तपासून घ्यावी लागते. परंतु तपासणीपूर्वीच ती फेटाळता येत नाही.

सुधारणा आणि तिच्या मर्यादा :

पंचाच्या चुकीतून नियमव्यवस्थेचा पुनर्विचार होतो, हा अनुभव भारतीय वाचकांस नवा नाही. याच सिडनी शहरात जानेवारी २००८ मध्ये झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीत अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना झेलबाद असूनही नाबाद ठरला व पुढे १६२ धावांवर नाबाद राहिला. भारत १२२ धावांनी हरला. भारतीय चाहत्यांच्या व मंडळाच्या रोषानंतर पंच स्टीव्ह बकनर यांना पुढील पर्थ कसोटीतून वगळण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत निर्णय-पुनर्विलोकनाची पद्धत प्रथम अजमावली गेली. पुढे त्या पद्धतीस भारतीय मंडळाचाच अनेक वर्षे विरोध राहिला, हा यातील विरोधाभास होय.

रग्बी लीगमध्ये चित्रफितीच्या आधारे निर्णय देणारे ‘बंकर’ हे मध्यवर्ती केंद्र २०१६ पासूनच कार्यरत होते. २०२० च्या हंगामात कर्णधारास निर्णयास आव्हान देण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी मे महिन्यात, महासाथीमुळे खंडित झालेली स्पर्धा पुन्हा सुरू होताना, २००९ पासून चालत आलेली दोन पंचांची पद्धत बंद करून एकाच पंचाची पद्धत स्वीकारण्यात आली. या बदलांचे मूल्यमापन करताना मात्र वर केलेला भेद ध्यानात ठेवावा लागतो. आव्हानाची तरतूद व चित्रफितीची तपासणी ही दोन्ही साधने ‘निर्णय बरोबर की चूक’ या एकाच प्रश्नाचे उत्तर देतात. ६ ऑक्टोबर २०१९ रोजी कॅनबेराच्या कर्णधारास आव्हानाचा अधिकार असता तरी तो हरलाच असता. कारण बदललेला निर्णय बरोबर होता. ज्या संकेतावर खेळाडूने विश्वास ठेवला, त्या विश्वासाचे मोल कोणत्याही कॅमेऱ्यास मोजता येत नाही. त्यासाठी संकेत मागे घेण्याची सर्वांस दिसेल अशी रीत ठरवावी लागते व तेवढ्यापुरता खेळ थांबवावा लागतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पराभूत चाहत्यांची पंचविषयक टीका ही मूलतः नियमावरील निष्ठेतून येते. तिला केवळ कांगावा समजणे योग्य नाही. मात्र या टीकेत अचूकता, विश्वास व कारण या तीन प्रश्नांची सरमिसळ होत असल्याने ती स्वतःचेच बळ गमावते. २०१९ च्या प्रसंगात कॅनबेराच्या चाहत्यांचा पक्ष अचूकतेच्या प्रश्नावर लटका, कारणाच्या प्रश्नावर दुर्बल आणि विश्वासाच्या प्रश्नावर सबळ होता. संस्थेने ज्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, त्याचेच उत्तर दिले. हेतूचा आरोप मात्र निराधार होता. आणि चुकीची चिकित्सा करताना चूक करणाऱ्या व्यक्तीची विटंबना होऊ नये, ही जबाबदारी चाहत्यांवरही येते.

हा प्रश्न क्रीडांगणापुरता मर्यादित नाही. परीक्षा मंडळे, निवड समित्या, कार्यालये व न्यायालये येथेही अधिकारपदावरील व्यक्ती आधी दिलेला शब्द नंतर ‘नियमानुसार’ फिरवितात आणि अंतिम आदेश बरोबर असल्याचे समाधान मानतात. परंतु पहिल्या शब्दावर विसंबून ज्याने आपली पावले टाकली, त्याची तक्रार आदेशाच्या अचूकतेने मिटत नाही. निर्णय बरोबर असणे हे न्यायाचे एक अंग होय. ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार, त्याला तो वेळेवर कळणे हे दुसरे. वायटनच्या हातून चेंडू गेला तो या दुसऱ्या अंगाच्या अभावी.